कल्याणच्या सोनाराचं टाकं

ताई, नमस्कार.

मी कल्याणला राहते. फोर्टमध्ये एका ऑफिसात अकाउंट्स बघते. सकाळी ७.४० ची फास्ट पकडते, घरी यायला आठ वाजतात. घरात नवरा, सासूबाई आणि आमची एकुलती एक मुलगी. ती पंधरा वर्षांची आहे, यंदा दहावीला.

गेल्या पावसाळ्यात खाडीचं पाणी आमच्या खालच्या गल्लीपर्यंत आलं. शाळा दोन दिवस बंद होती. त्या दोन दिवसांत तिनं मोबाईलवर कुठलासा नकाशा पाहिला, २०५० सालच्या मुंबईचा. अर्धी मुंबई निळ्या रंगात. तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर नाही. रात्री उशिरापर्यंत जागी असते. अभ्यासाला बस म्हटलं की म्हणते, 'मी तुझ्या वयाची होईन तेव्हा हे शहरच नसेल, मग टक्के कुणाला दाखवू?' परवा म्हणाली, 'मी मूल होऊ देणार नाही. पुढे कुणी जगणारच नाहीये.'

नवरा म्हणतो, मोबाईल काढून घे. सासूबाई म्हणतात, कलियुगाचा शेवट जवळ आलाय, पोरीला दिसतंय ते खरंच आहे. मला वाटतं, या वयात तिनं इतक्या लांबचं बघूच नये. आधी दहावी, मग अकरावीची ॲडमिशन, एवढंच बघावं. तिची नजर जवळ कशी आणू? आणि खरं सांगू का, रात्री ती विचारते तेव्हा मला स्वतःलाच उत्तर सुचत नाही. मी म्हणते, झोप आता.

— एक आई, कल्याण

*

नमस्कार.

'झोप आता' म्हणालात याचं वाईट वाटून घेऊ नका. दिवसभराची गाडी, हिशेब आणि स्वयंपाक उरकल्यावर रात्री साडेअकराला असल्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच आईला सुचणार नाही. मलाही सुचलं नसतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी विसरून न जाता मला पत्र लिहिलंत, हेच खूप आहे.

तुमच्या एका वाक्यापाशी मात्र मी अडले. 'तिनं इतक्या लांबचं बघूच नये.' मला नेमकं उलटं वाटतं. तुमची लेक लांबचं बघतच नाहीये. ती २०५० पर्यंत जाते आणि तिथे तिचा रस्ता संपतो. पंचवीस वर्षं म्हणजे लांब नव्हे हो, घराचं कर्ज फिटायलाही साधारण तेवढीच लागतात. त्या सालापलीकडचं तिला कुणी काही दाखवलेलंच नाही, म्हणून तिथे तिला भिंत दिसते. तिची नजर जवळ आणायचा प्रयत्न सोडा. तिला आणखी पुढे घेऊन जा. शंभर वर्षं, हजार वर्षं, दोन हजार वर्षं. हे मी तिचं मन रमावं म्हणून सांगत नाही. तिच्या भीतीचं खरं उत्तर तिथेच आहे, असं मला मनापासून वाटतं.

आधी त्या नकाशाबद्दल. तो खोटा आहे असं तिला सांगू नका. तो पूर्ण खोटा नाही, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला थाप लगेच कळते. असे नकाशे बहुतेक वेळा जमिनीची उंची आणि भरतीची पातळी शेजारी ठेवून रंगवलेले असतात. जी जमीन भरतीच्या पातळीखाली, ती निळी. बांध, भिंती, पंप यांचा हिशेब त्यात धरलेला नसतो. त्यामुळे निळ्या रंगाचा अर्थ 'बुडालेलं' असा नसून 'सांभाळावं लागेल' असा आहे. मुंबईचे कितीतरी सखल भाग आजही मोठ्या भरतीच्या वेळी समुद्राच्या पातळीखाली असतात. त्याच वेळी पाऊस कोसळला की पाणी आपसूक समुद्रात जात नाही, म्हणून तर हाजी अलीला, इर्ल्याला, लव्हग्रोव्हला पंपिंग स्टेशनं बांधावी लागली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस तुम्हालाही आठवत असेल. संकट खरं आहे, तिला ते खरंच दिसतंय, हे आधी मान्य करा. ती वेडी नाही, हे तिला तुमच्या तोंडून ऐकायचं असेल.

आता तिच्यासमोर आणखी थोडे आकडे ठेवा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-मंडळाचा २०२१ चा अहवाल आहे. त्यात समुद्राच्या चढण्याचे वेगवेगळे मार्ग मांडलेत. माणसानं धूर ओकणं झपाट्यानं कमी केलं तर एक मार्ग, तसंच चालू ठेवलं तर दुसरा. गंमत बघा, २०५० पर्यंत या मार्गांमध्ये फरक जेमतेम काही सेंटिमीटरचा पडतो, कारण तोवरची बरीचशी वाढ आधीच ठरून गेली आहे. २०५० लाच थांबणाऱ्या माणसाला काय वाटणार? काहीही केलं तरी तेच. तुमच्या लेकीला नेमकं हेच वाटतंय, आणि तिच्या नकाशापुरतं ते चूक नाही.

पण तोच अहवाल पुढच्या २००० वर्षांचंही सांगतो. तापमानवाढ १.५ अंशांवर थोपवली तर समुद्र २ ते ३ मीटर चढेल. २ अंशांवर थोपवली तर २ ते ६ मीटर. आणि ५ अंशांपर्यंत जाऊ दिली तर १९ ते २२ मीटर. एका मजल्याएवढा किंवा सहा-सात मजल्यांएवढा. इसवी सन ४००० मध्ये या किनाऱ्यावर जे कुणी असतील, त्यांच्या वाट्याला यातला कुठला समुद्र येणार, हे तुमची मुलगी म्हातारी होईपर्यंतच्या काळात बरंचसं ठरून जाणार आहे. तिच्या डोळ्यांदेखत.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला भीती वाटली नाही, उभारी आली. जवळून पाहिलं की आपलं करणं शून्य दिसतं, लांबून पाहिलं की तेच करणं डोंगराएवढं दिसतं. लांब बघणं म्हणजे पळ काढणं असं ज्यांना वाटतं, त्यांना मी नेहमी हे आकडे दाखवते.

सासूबाईंशी तुम्ही वाद घातला नसेल असं धरते. वाद घालूच नका, त्यांची मदत घ्या. घरच्या गणपतीला किंवा सत्यनारायणाला भटजी संकल्प सांगतात तेव्हा नीट ऐका. श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, कलियुगे, आणि मग येतो तो शब्द: प्रथमचरणे. पहिल्या चरणात! आपल्या पंचांगाच्या गणितात कलियुग ४,३२,००० वर्षांचं आहे आणि ते इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये सुरू झालं. त्याचे चार चरण, एकेक १,०८,००० वर्षांचा. आज ५१०० आणि वर थोडी वर्षं झालीत. म्हणजे पहिल्याच चरणाचा विसावा भागसुद्धा अजून पुरा व्हायचा आहे. पूजेला बसलेला प्रत्येक यजमान पाणी सोडताना 'आपण अगदी सुरुवातीला आहोत' असं म्हणतो, आणि उठल्यावर शेजाऱ्याला सांगतो की शेवट जवळ आलाय.

हे विज्ञान नव्हे, हे मला माहीत आहे. पण आपल्या आज्या-पणज्यांच्या मनाला लाखांनी वर्षं मोजायची सवय होती, ही सवय मला मोलाची वाटते. आणि विज्ञानाचा हिशेबही सूर तोच लावतो. आपल्यासारखी माणसं पृथ्वीवर साधारण ३ लाख वर्षांपासून आहेत. सस्तन प्राण्यांची एखादी जात ढोबळमानानं १० लाख वर्षं टिकते. आजवर जन्मलेल्या सगळ्या माणसांचा एक अंदाज आहे ११,७०० कोटींच्या आसपासचा, आणि आज जिवंत आहेत ८०० कोटींहून थोडी जास्त. आपण स्वतःचा घात करून घेतला नाही, तर बहुतेक माणसं अजून जन्मायची आहेत. तुमची मुलगी स्वतःला गोष्टीच्या शेवटच्या पानावर बसलेली समजते. आजीनं एकदा तिला जवळ घेऊन 'प्रथमचरणे'चा अर्थ सांगितला तर तो माझ्या पत्रापेक्षा आत पोचेल.

आता माझं सांगते. माझे वडील महापालिकेच्या जलखात्यात चावीवाले होते. पहाटे चारला उठायचे, लांब लोखंडी चावी घ्यायचे आणि परळच्या गल्ल्यांतले व्हॉल्व फिरवत जायचे. त्यांनी चावी फिरवली की चाळींच्या नळांना पाणी यायचं. मी चौदा वर्षांची होते तेव्हा, १९८३ साली, मला अणुयुद्धाच्या भीतीनं पछाडलं होतं. अमेरिका आणि रशियाकडे एवढे बॉम्ब आहेत की सगळं जग पुन्हा पुन्हा जाळता येईल, असं कुठेतरी वाचलं आणि माझं जेवण तुटलं. आई रागवायची. वडील काही बोलले नाहीत. एका रविवारी मला घेऊन बोरिवलीला आले, तिथून पार्काच्या गेटातून चालत कान्हेरीला.

लोक तिथे मूर्ती बघायला जातात. माझे वडील आधी पाण्याच्या टाक्यांकडे गेले. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत आणि जागोजागी कातळात खोदलेली टाकी. वरच्या उघड्या खडकावर पडलेला पाऊस टाक्यात यावा म्हणून चरे कोरलेत. त्यांनी एका चरात बोट घातलं आणि हळूहळू खालपर्यंत ओढत नेलं. म्हणाले, "उतार बघ. पाणी थांबत नाही आणि धावतही नाही. छिन्नीनं काढलाय. हा डोळा मला तीस वर्षं काम करून आला नाही."

मग विचारलं, "कुणासाठी केलं असेल?"

मी म्हटलं, "इथल्या भिक्षूंसाठी."

"ते तर गेले कधीच. पाणी आहे की अजून."

तिथेच बसून आम्ही डबा खाल्ला. जेवताना त्यांनी पलीकडच्या झाडीकडे हात केला. त्याच डोंगरांच्या कुशीत विहार तलाव आहे, मुंबईला नळाचं पहिलं पाणी १८६० मध्ये आलं ते तिथून. तानसाचं आलं १८९२ मध्ये. "तानसा बांधला तेव्हा माझा आजा पोरगा होता," ते म्हणाले. "ज्यांनी बांधला त्यांना तुझं नाव काय ठाऊक? तरी सकाळी तुझी बादली भरते." बॉम्बबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी घरी येऊन जेवले.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांचे अर्थ माझ्या वाचनात आले. तिथल्या दात्यांमध्ये सोपाऱ्याचे, कल्याणचे व्यापारी आहेत, बायका आहेत, भिक्षुणी आहेत. आणि एक लेख आहे कल्याणच्या एका सोनाराचा. त्यानं पाण्याचं टाकं दान दिलं. लेखात टाक्याला 'पोढी' म्हटलंय, किल्ले फिरणारी पोरं आजही हा शब्द वापरतात. साधारण १८०० वर्षांपूर्वीची ही गोष्ट. कल्याण तेव्हा मोठं बंदर होतं, आणि तो तिथला सोनार. तुमच्याच गावचा माणूस.

मी त्याचा फार विचार करते. त्यानं आपल्या मिळकतीतले पैसे डोंगरावरच्या खडकात घातले. त्याला लोकल माहीत नव्हती, पंप माहीत नव्हते, फोर्टमधलं ऑफिस माहीत नव्हतं. पुढचं जग कसं दिसेल याचं चित्र त्याला काढायला लावलं असतं तर सगळं चुकलं असतं. पण कुणीतरी चढण चढून येईल आणि त्याला तहान लागलेली असेल, एवढं त्याला दिसलं, आणि ते तंतोतंत खरं निघालं. भविष्याची कल्पना करायची म्हणजे उडत्या गाड्या आणि चकचकीत मनोरे आणायचे, असं मुलांच्या मनात बसलंय. माझ्या मते तो भाग सर्वांत बिनमहत्त्वाचा. यंत्रांचे अंदाज चुकतातच. तहान, भूक, आजारपण, लेकराची काळजी, गाणं म्हणावंसं वाटणं, यांचे चुकत नाहीत.

आपल्या भागात जुने दानाचे शिलालेख सापडतात, त्यांवर वरच्या बाजूला चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात. दान कुठवर चालावं? आचंद्रार्क, चंद्रसूर्य आहेत तोवर. काही दगडांवर खाली दान मोडणाऱ्याला दिलेली शिवीही असते, गाढवाच्या चित्रासकट. त्यांना गधेगळ म्हणतात. शाप जुना खरा, पण तो न जन्मलेल्या माणसाशी केलेला करार आहे. आमच्यानंतर येणारा कुणीतरी हे मोडायला बघेल, हे त्यांनी आधीच पाहिलं होतं आणि त्याला दरडावून ठेवलं होतं. आज आपण कुठला ठराव चंद्रसूर्यांच्या साक्षीनं करतो? पाच वर्षांचा करतो, फार तर तीसचा.

लेकीला कदाचित टाकी आणि दगड जुने वाटतील. मग तिला तुमच्या सासूबाईंचा दंड बघायला सांगा. त्यावर देवीच्या लसीच्या गोल खुणा असतील. माझ्याही दंडावर दोन आहेत. तुमच्या मुलीच्या दंडावर असेल ती बीसीजीची, देवीची नाही. देवीची पहिली लस भारतात टोचली गेली ती आपल्या मुंबईत, १४ जून १८०२ ला, तीन वर्षांच्या एका मुलीला. ती लस बगदादहून बसऱ्यामार्गे आली होती, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी माणसांच्या अंगावरूनच. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला १९७५ मध्ये, आणि १९८० मध्ये जगातून हा रोग गेल्याचं जाहीर झालं. त्या छोट्या मुलीपासून १९७५ पर्यंत १७३ वर्षं. मधल्या काळात दारोदार फिरून टोचणाऱ्या किती माणसांनी शेवट पाहिलाच नाही. आणि हा शेवट दोनचार वर्षांपुरता नाही. इसवी सन ४००० मध्ये कल्याणला जन्मणाऱ्या बाळालाही देवी यायची नाही, आणि ती आली नाही हे त्याच्या आईला कळणारही नाही.

तुमची मुलगी यावर म्हणेल, 'आणि तुम्ही लोकांनी आमच्यासाठी काय ठेवलंय?' म्हणू दे. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे, कचऱ्याचे डोंगर झालेत तिथे. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात ज्या किरणोत्सारी प्लुटोनियमवर काम चालतं, ते निम्मं व्हायला २४,००० वर्षं लागतात. हवेत सोडलेल्या कार्बनचा काही हिस्सा हजारो वर्षं तिथेच राहणार. आपणही दूरवर पोचतोच आहोत, पण न बघता. तिचा राग रास्त आहे आणि तो शमवायची घाई करू नका. मला तर वाटतं, लांबचं बघायला शिकलेल्या माणसालाच हा राग नीट धरता येतो. ज्याची नजर पुढच्या निवडणुकीपर्यंतच जाते, त्याला कचऱ्याचा डोंगर दिसतो तो फक्त दुसऱ्याच्या वॉर्डात.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. पुढच्या अब्जावधी माणसांचं नाव घेऊन आजच्या माणसाकडे पाठ फिरवणारे लोकही असतात. उद्याच्या कोट्यवधींपुढे आजच्या हजारांचं काय, असं म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. त्या सोनारानं डोंगरावरच्या तहानलेल्यासाठी टाकं दिलं, तेव्हा ते पाणी त्याच वर्षी कुणीतरी प्यायलं. दूरच्यासाठी केलेलं जे जवळच्याच्याही कामी येतं, त्यावरच माझा विश्वास बसतो. तुमच्या खाडीकाठची तिवरं घ्या. ती आजच्या भरतीला अडवतात, आज कोळ्याच्या जाळ्यात मासळी आणतात, आणि मुळांखालच्या चिखलात कार्बन धरून ठेवतात तो कितीतरी पिढ्यांसाठी. तुमच्या मुलीला काही करायचं असेल तर दहावीनंतर तिनं तिवरांजवळून सुरुवात करावी. सगळं जग तिनं एकटीनं वाचवायचं नाहीये, हे तिला स्पष्ट सांगा. या मुलांच्या खांद्यावर आपण नकळत ते ओझं ठेवतो.

आता घरात करायचं ते. रात्री अकरा ही वेळ या गप्पांची नव्हे. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, तिला विचारा: इसवी सन ४००० मध्ये कल्याणला पंधरा वर्षांची एक मुलगी आहे, ती सकाळी उठली, तर पहिलं काय करेल? मोठं जग नको, एकच मुलगी आणि तिची एकच सकाळ. ती काय खाते? भात असेल का? पाणी कुठून भरते? खाडी कुठवर आली आहे? आईवर ती कशावरून चिडते? कुठली भाषा बोलते? हजार वर्षांपूर्वीची मराठी दगडावर वाचताना आपल्याला जाणकार शेजारी लागतो. आपली मराठी वाचायला तिलाही तसाच जाणकार लागेल. मग तिला आपलं काय वाचावंसं वाटेल? तुम्हीही बोला, सासूबाईंनाही बोलू द्या, नवऱ्यालाही ओढा. उत्तरं चुकतील, चुकू देत. एकदा त्या मुलीला चेहरा आला, सवयी आल्या, की तुमच्या लेकीला तिला नकाशावरच्या निळ्या रंगात बुडवता येणार नाही. तिची काळजी वाटायला लागेल, आणि काळजी करणारं माणूस हात बांधून बसत नाही. हे मी माझ्या शिकवणीच्या मुलांबरोबर अनेकदा केलंय. निराश मुलं सुरुवातीला गप्प बसतात. मग कुणीतरी म्हणतं, 'तिच्याकडेपण मांजर असणार,' आणि तिथून गप्पा सुरू होतात.

मूल होऊ न देण्याबद्दल ती जे म्हणाली, त्यावर आत्ता काहीही बोलू नका. तो निर्णय पंधराव्या वर्षी होत नाही आणि पुढे होईल तेव्हा तो तिचाच असेल. फक्त एक लक्षात असू द्या. त्या सोनाराला मुलं होती की नव्हती, कुणालाच माहीत नाही. त्याचं पाणी पिणाऱ्यांत त्याच्या वंशातलं कुणी होतं की नव्हतं, तेही नाही. पुढच्यांचं कुणी लागायला आपल्या पोटचंच मूल हवं, असं मुळीच नाही. हे तिला कधीतरी, ओघात, कळू द्या.

मोबाईल हिसकावून घेऊ नका. रात्री दहानंतर मात्र घरातले सगळेच फोन एका खोलीत चार्जिंगला लावा, तुमचा आणि नवऱ्याचासुद्धा. आणि झोप, जेवण, शाळा यांचं गाडं दोनतीन आठवड्यांत रुळावर येत नसेल, किंवा 'जगून काय करायचं' अशा अर्थाचं ती काही बोलली, तर कल्पनेच्या गप्पांवर विसंबू नका. शाळेतल्या समुपदेशकांना भेटा, डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ वर आहे, मराठीतही बोलता येतं. त्यात कमीपणा कसला?

रात्री तिनं पुन्हा विचारलं, 'पुढे कुणी असेल का गं?' तर तुम्हाला जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखं सांगू नका. म्हणा, 'मला वाटतं असेल. ती काय करत असेल ते रविवारी बघू.' आणि मग 'झोप आता' म्हणा, तिच्याजवळ थोडा वेळ पडून राहा.

पाऊस सरता सरता, नवरात्राच्या आधी, एखाद्या दिवशी तिला कान्हेरीला घेऊन जा. टाकी तेव्हा काठोकाठ असतात. कल्याणहून दादर, तिथे गाडी बदलून बोरिवली. सोनाराचं नेमकं टाकं सापडलं नाही तरी चालेल, कुठल्याही टाक्याशी थांबा. तिला चरात बोट घालून वरून खालपर्यंत ओढायला सांगा. सासूबाईंनाही न्या. पायऱ्या बऱ्याच आहेत आणि शेवाळानं निसरड्या असतात, तेव्हा त्यांचा हात लेकीच्या हातात द्या. डबा घरून न्या, आणि प्यायचं पाणीही.

— तुमची ताई